जवळचा हात, लांबचा हात: आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीस खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व कार्यकारिणी सदस्य

सप्रेम नमस्कार.

मंडळाचं नाव वर लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. ग्लासगोत आणि आसपास राहणाऱ्या ज्या मराठी माणसांना कळायला हवं, त्यांना ते कळेलच. बाकीच्यांना नाव कळून उपयोग नाही, कारण माझं भांडण नावाशी नाही, घटनादुरुस्तीच्या मसुद्याशी आहे.

मसुदा मागच्या आठवड्यात सगळ्यांना आला. संस्थापक कुटुंबांची मुलं, सुना आणि जावई यांना प्रवेश शुल्क माफ. नव्या कुटुंबाला वार्षिक वर्गणीच्या वर एकरकमी प्रवेश शुल्क आणि शिवाय दोन जुन्या सभासदांची शिफारस. पहिली दोन वर्षं मत नाही. खाली खुलासा जोडला आहे की मंडळाची गंगाजळी ज्यांनी उभी केली त्यांचा मान राहावा, एवढाच हेतू आहे.

हा मसुदा मी ग्लासफर्ड स्ट्रीटवर, ट्रेड्स हॉलच्या दारासमोर उभी राहून फोनवर वाचला. माझं ऑफिस तिथून दोन गल्ल्यांवर आहे आणि डबा खाऊन झाला की मी तिथवर एक चक्कर मारते. वाचता वाचता हसू फुटलं. आपण जे कलम नवं म्हणून मांडतोय, ते या इमारतीच्या मालकांनी काही शतकं वापरून झालं आहे आणि शेवटी कायदा करून त्याचे दात काढावे लागले आहेत. तेव्हा सभेत हात वर करण्याआधी त्यांचा अनुभव ऐकून घ्या. फुकट मिळतोय.

आपल्यातले बरेच जण त्या हॉलमध्ये कुणाच्या ना कुणाच्या लग्नाला जेवून आले आहेत. घुमटाखाली फोटोही काढले आहेत. रॉबर्ट ॲडम या वास्तुविशारदाने तो आखला आणि १७९४ मध्ये तो उघडला. ज्या संस्थेचा तो आहे ती, ट्रेड्स हाउस, मात्र १६०५ ची. तिच्या छत्राखाली कारागिरांचे चौदा संघ. हॅमरमेन, म्हणजे हातोड्याने धातू घडवणारे झाडून सगळे. मग शिंपी, जोडे शिवणारे, बिअरसाठी सातूला मोड आणणारे, विणकर, पाव भाजणारे, कातडी कमावणारे, सुतार, लाकडी पिंपं बांधणारे, खाटीक, गवंडी, माळी, न्हावी आणि शेवटी टोप्या करणारे व रंगारी मिळून एक. मोठ्याने वाचलं तर कुणी बारा बलुतेदारांची यादी म्हणतंय असं वाटतं. पण फरक मोठा आहे. आपल्याकडे सुताराचा मुलगा सुतार हे पाळण्यातच ठरायचं. इथे बाहेरचा माणूसही आत येऊ शकत होता. त्याला ते महाग पडायचं, एवढंच. म्हणजे जन्म ही भिंत नव्हती, पण जन्माचा भाव ठरलेला होता, आणि तो दरपत्रकात लिहिलेला होता.

हे दरपत्रक समजून घेण्यासारखं आहे.

स्कॉटलंडच्या सनदी शहरांत दुकान थाटायचं तर नुसतं हातात कसब असून भागत नसे. शहराचा बर्जेस, म्हणजे हक्काचा नागरिक, व्हावं लागे आणि आपापल्या धंद्याच्या संघात नाव लागावं लागे. नाव लागलं की तो 'फ्रीमन', धंदा करायला मोकळा. नाही लागलं तो 'अनफ्रीमन'. त्याचा माल शहरात विकताना सापडला तर संघाचे लोक तो उचलून नेत.

फ्रीमन होण्याची वाट लांब होती. आधी उमेदवारी. उस्तादाच्या घरी राहायचं, त्याच्याच ताटात जेवायचं, आणि संघाच्या वहीत नाव चढवायचं तर त्याचेही पैसे. उमेदवारी संपली की पुष्कळ ठिकाणी वर्ष-दोन वर्षं त्याच उस्तादाकडे पोटावर आणि थोड्या मजुरीवर काम. मग 'एसे'. हा निबंध नव्हे. संघ सांगेल ती वस्तू नेमलेल्या परीक्षकांच्या नजरेखाली स्वतःच्या हाताने करून दाखवायची. कुलूपवाल्याने कुलूप करायचं, सुताराने कपाट. ती पसंत पडली की प्रवेशाची रक्कम, जिला जुन्या स्कॉट्स भाषेत 'अपसेट' म्हणत. नाव ऐकून हसू नका, दुकान उभं करणं असा त्याचा साधा अर्थ आहे, पण रक्कम बघून पुष्कळांचा आजचा अर्थही झाला असेल. वर उस्ताद मंडळींना जेवण. आणि हे सगळं झालं की दर तिमाहीला संघाच्या पेटीत पैसे टाकत राहायचं, मरेपर्यंत.

ग्लासगोच्या संघांत या रकमेसाठी एक जोड-शब्द होता, ज्यामुळे हे पत्र लिहायला बसले: 'नियर हँड' आणि 'फार हँड'. जवळचा हात आणि लांबचा हात. सभासदाचा मुलगा किंवा जावई तो जवळचा हात, त्याला रक्कम थोडी. आगापीछा नसलेला परका तो लांबचा हात, त्याला रक्कम जबर. आणि या रकमेला ते 'फाइन' म्हणत! त्या काळच्या इंग्रजीत त्याचा अर्थ एकरकमी भरणा एवढाच होता हे मला माहीत आहे. तरी आज वाचताना वाटतं, शब्द बरोबर होता. परका असल्याचा दंडच तो.

जावयाची गंमत बघा. बर्जेसची मुलगी स्वतः संघात येऊन धंदा करू शकत नसे, पण तिच्याशी लग्न करणाऱ्याला दरात सवलत मिळे. हक्क तिच्या अंगावरच्या दागिन्यासारखा. तिला वापरता येत नाही, नवऱ्याघरी मात्र नेता येतो. आपल्या मसुद्यात 'सुना आणि जावई' हे शब्द वाचले तेव्हा मला पहिल्यांदा हे आठवलं.

जरा एडिनबरोकडे वळते, कारण तिथला एक कागद आपल्या फार कामाचा आहे. १ जुलै १५०५ रोजी तिथल्या नगरपरिषदेने शल्यवैद्य आणि न्हावी यांच्या संयुक्त संघाला सनद दिली. आजचं रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स त्यातूनच वाढलेलं. त्या सनदेत लिहिलंय की नव्याला शरीररचना, नसा, शरीराच्या प्रत्येक अवयवाचा स्वभाव यांची परीक्षा द्यावी लागेल. लिहिता-वाचता यायला हवं. संघाला दर वर्षी फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराचं प्रेत अभ्यासाला मिळेल. शहरात ॲक्वा व्हिटे, म्हणजे दारू, गाळायचा आणि विकायचा हक्कही त्यांचाच. (न्हावी, सर्जन आणि दारूभट्टी एकाच सनदेत! वेदनाशामक औषधाची सोय म्हणून बघावं.) प्रवेशाची रक्कम ५ पौंड, सेंट जाइल्स चर्चमधल्या सेंट मंगोच्या वेदीच्या देखभालीसाठी, आणि वर उस्तादांना जेवण. आता खरी मेख. प्रत्येक उस्तादाच्या एका औरस मुलाला ही रक्कम माफ होती. जेवण मात्र त्यालाही चुकलं नव्हतं. आणि परीक्षाही! बापाच्या नावावर पैसे वाचत होते, नस कुठे आहे ते ओळखणं वाचत नव्हतं.

आपल्या मसुद्यात संस्थापकांच्या मुलांना पैसे माफ आहेत, शिफारस माफ आहे, आणि काम तर आधीपासूनच माफ आहे. गणपतीत खुर्च्या कोण उचलतं हे मी नावानिशी सांगू शकते, पण खुल्या पत्रात नको.

गवंड्यांचं वेगळंच. विल्यम शॉ हा राजाच्या बांधकामांचा प्रमुख. त्याने १५९८ आणि १५९९ मध्ये गवंड्यांच्या लॉजसाठी, म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळांसाठी, नियम लिहून काढले. उमेदवारी किमान सात वर्षं, आणि उस्तादांच्या बरोबरीने बसायला त्यापुढे आणखी सात. एका उस्तादाने खास परवानगीशिवाय जन्मात तीनपेक्षा जास्त उमेदवार घ्यायचे नाहीत. पूर्ण कारागीर म्हणून प्रवेश घेताना १० पौंड आणि १० शिलिंगांचे हातमोजे, तेही मेजवानीच्या खात्यावर. हे पौंड स्कॉट्स बरं का. पुढे १२ स्कॉट्स पौंडांना १ इंग्लिश पौंड असा दर ठरला. रीतसर न शिकलेल्या गवंड्याला, ज्याला ते 'कोवन' म्हणत, कामावर घेतलं तर २० पौंड दंड. म्हणजे आत यायला लागेल त्याच्या दुप्पट, बाहेरच्याला हाताशी धरल्याबद्दल.

पण त्याच नियमांत एक कलम असं आहे की वाचून मी शॉला मनातल्या मनात नमस्कार केला. परांची नीट बांधलेली असली पाहिजे. उस्तादाच्या हलगर्जीपणामुळे कामावरच्या कुणाला इजा झाली, तर त्याने पुन्हा कधी उस्ताद म्हणून काम घ्यायचं नाही. उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या हाताखाली. सोळाव्या शतकात! तेव्हा मी या संघांना खलनायक ठरवायला बसलेली नाही. तसं करणं सोपं आहे आणि चूक आहे.

पेटीचंच बघा. प्रत्येक संघाची एक पेटी असे आणि ती सांभाळणारा 'बॉक्समास्टर'. पेटीला एकाहून जास्त कुलपं आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे, म्हणजे एकट्या खजिनदाराला ती उघडता येऊ नये. (खजिनदार काका, रागावू नका. तुमच्यावर माझा विश्वास आहे. व्यवस्थेवर बोलतेय.) धर्मसुधारणेआधी, म्हणजे १५६० मध्ये स्कॉटलंड कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट झालं तोपर्यंत, या पैशातला बराचसा संतांच्या वेद्यांवर जाई. नंतर तो हळूहळू म्हाताऱ्या, आजारी सभासदांकडे, विधवांकडे, पोरक्या मुलांकडे वळला. एडिनबरोत कारागिरांच्या मुलींसाठी १७०४ मध्ये ट्रेड्स मेडन हॉस्पिटल निघालं. हॉस्पिटल म्हणजे इथे वसतिगृहासह शाळा. संघांकडे शवपेटीवर घालायचं उंची कापड असे, ते भाड्याने देऊन पेटीत भर पडे. सभासद वारला की सगळ्यांनी अंत्ययात्रेला जायचं, न जाणाऱ्याला दंड. विमा नव्हता, पेन्शन नव्हतं, त्या काळात एवढा आधार म्हणजे कमी नव्हे.

म्हणून तुमचा मुद्दा मला कळतो. गंगाजळी उभी करणाऱ्याला वाटणारच की उद्या आलेल्याने तयार पाटावर येऊन बसू नये. तो मुद्दा खोटा नाही. पण दार असं दोन उंचीचं केलं की काय होतं, ते ग्लासगोनेच बघितलं आहे.

१७५६ मध्ये ग्रीनॉकचा एक वीस वर्षांचा मुलगा लंडनहून परतला आणि ग्लासगोत आला. लंडनमध्ये जॉन मॉर्गन नावाच्या कारागिराला २० गिनी मोजून त्याने गणिती उपकरणं बनवायचं काम एका वर्षात शिकून घेतलं होतं. सात वर्षांचा अभ्यासक्रम एका वर्षात. आत्ताच्या भाषेत क्रॅश कोर्स. ग्लासगोत मात्र तो लांबचा हात. बाप इथला बर्जेस नाही, उमेदवारी इथे केलेली नाही. हॅमरमेननी त्याला शहरात दुकान लावू दिलं नाही, अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. काही इतिहासकारांना ती जशीच्या तशी पटत नाही, हेही संघाच्या बाजूने नोंदवते. पुढचं मात्र पक्कं आहे. विद्यापीठाने १७५७ मध्ये आपल्या आवारात त्याला खोली दिली. तिथे संघाचा हुकूम चालत नव्हता. त्याच आवारात पुढे न्यूकोमेनच्या वाफयंत्राचं एक बिघडलेलं मॉडेल दुरुस्तीला त्याच्याकडे आलं, आणि १७६५ मध्ये ग्लासगो ग्रीनवर फिरताना त्याला वेगळ्या कंडेन्सरची, म्हणजे वाफ थंड करून तिचं पाणी करायच्या स्वतंत्र भांड्याची, कल्पना सुचली. जेम्स वॉट. आपली मुलं ज्याच्या नावाने बल्बवरचे आकडे वाचतात तो.

दुसऱ्या टोकाला एडिनबरोचा विल्यम ब्रॉडी. वडील सुतार-संघातले बडे प्रस्थ, त्यामुळे हा जवळचा हात. १७८१ मध्ये तो सुतार-संघाचा डीकन, म्हणजे प्रमुख झाला, आणि त्या पदामुळे नगरपरिषदेत जाऊन बसला. दिवसा श्रीमंतांच्या घरी कपाटं आणि कुलपं बसवायची, रात्री त्याच घरांत चोरी करायची. १७८८ मध्ये अबकारी कार्यालयावरचा दरोडा फसला, हा ॲमस्टरडॅमला पळाला, तिथून धरून आणला आणि १ ऑक्टोबरला फाशी गेला. सभासदत्वाचे सगळे कागद त्याचे चोख होते.

वॉट आणि ब्रॉडी ही दोन टोकं झाली, त्यावरून नियम सिद्ध होत नाही, हे अध्यक्ष महाराज म्हणतील आणि ते बरोबर आहे. मग अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ घ्या. वॉटला खोली मिळाली तेव्हा तो त्याच विद्यापीठात प्राध्यापक होता. १७७६ मध्ये छापलेल्या त्याच्या मोठ्या ग्रंथात त्याने या संघांवर कोरडे ओढले. गरिबाची मालमत्ता म्हणजे त्याच्या हातातली ताकद आणि कसब, ते वापरू न देणं म्हणजे त्याची मालमत्ता हिसकावणं, असा त्याचा रोख. पण स्कॉटलंडबद्दल त्याने काय म्हटलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इथे तीन वर्षांची उमेदवारी नेहमीची, थोडे पैसे भरले की बहुतेक शहरांत संघाचा हक्क विकत मिळतो, आणि संघांचे नियम इतके कमी जाचक असलेला दुसरा देश युरोपात मला माहीत नाही, असं तो लिहितो. म्हणजे मी वर सांगितलं तो सगळा प्रकार युरोपातला सगळ्यात सौम्य नमुना होता! आपले कार्यकारिणी सदस्यही परवा फोनवर हेच म्हणाले: "अगं, रक्कम किरकोळ आहे." असेल. रक्कम किरकोळ असली की भिंत किरकोळ होते असं नाही. दोन रांगा आहेत हे दारातच कळतं, आणि आपण कुठल्या रांगेत आहोत तेही.

ज्यांना शहरात जागा मिळाली नाही ते कारागीर काही घरी बसले नाहीत. ते हद्दीबाहेर गेले. एडिनबरोच्या वेशीबाहेर कॅननगेट, पोर्ट्सबरो. ग्लासगोच्या बाहेर गोर्बल्स, कॅल्टन. तिथे माग चालले, दुकानं लागली, संघाचे लोक हद्दीवर उभं राहून बघत बसले. आपल्याकडेही मागच्या वर्षी नव्या आयटीवाल्या कुटुंबांनी वेगळा गणपती बसवला. वेगळा ग्रुप, वेगळी आरती, आणि मोदक, मी खाऊन आले म्हणून सांगते, आपल्यापेक्षा बरे. ते आपलं कॅल्टन आहे. मसुदा मंजूर झाला तर आपलं गोर्बल्सही होईल.

शेवटी १८४६ मध्ये पार्लमेंटने कायदा करून स्कॉटलंडच्या शहरांतली धंद्याची ही मक्तेदारी मोडली. कुणीही कुठेही दुकान लावावं. पेटी रिकामी होणार आणि संघ संपणार, अशी भीती तेव्हाही असणारच. पण ग्लासगोचे चौदाही संघ आज आहेत. धंद्यावरचा ताबा गेला, मदतीचं काम राहिलं, आणि त्या कामासाठी लोक आजही सभासद होतात. ज्यात आता ना हातोडा उचलावा लागतो, ना पिंप बांधावं लागतं. मक्तेदारी गेल्यावर जे उरलं तेच टिकाऊ निघालं.

तर माझी दुरुस्ती अशी. प्रवेश शुल्क ठेवायचंच असेल तर सगळ्यांना सारखं ठेवा, संस्थापकांच्या नातवंडांनाही. विद्यार्थ्यांना नको. इथली विद्यापीठाची फी भरून त्यांच्या खिशात बसभाडं उरत नाही. दोन सभासदांची शिफारस काढून टाका. जो माणूस नुकताच नागपूरहून किंवा नांदेडहून इथे उतरलाय त्याला दोन जुने सभासद कुठून माहीत असणार? त्याच्या जागी हवं तर 'एसे' ठेवा. पहिल्या वर्षात प्रत्येक नव्या सभासदाने मंडळाचं एक काम करून दाखवायचं: दिवाळी फराळाची मोजदाद, ढोल-ताशाच्या सामानाची ने-आण, हॉल झाडणं, काहीही. आणि १५०५ च्या सनदेसारखं, जवळच्या हातालाही परीक्षा चुकणार नाही. मत पहिल्या दिवसापासून. आणि पेटीला दुसरी किल्ली: बँक खात्यावर दुसरी सही कार्यकारिणीबाहेरच्या सभासदाची असावी.

आता एक कबुली, जी पहिल्याच परिच्छेदात द्यायला हवी होती. मी संस्थापक सभासदाची सून आहे. या मसुद्याप्रमाणे मला एक पेनीही भरावी लागत नाही. माझे सासरे या पत्राशी सहमत नाहीत. काल रात्री जेवताना त्यांनी ते पूर्ण वाचलं, शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि न बोलता आमटी वाढून घेतली. सकाळी मात्र विचारलं, "ते मोजे नक्की किती शिलिंगांचे होते?"

मसुद्यातली नव्या कुटुंबासाठीची प्रवेश शुल्काची रक्कम आजच मंडळाच्या खात्यात भरली आहे. खजिनदार काकांनी पावती फाडावी. नावापुढच्या रकान्यात 'लांबचा हात' लिहिलंत तरी चालेल.

आपली,
एक सून-सभासद
ग्लासगो